ठेंगण्या दाराचा गुत्ता

मी एक जुना गुत्ता आहे, आणि ज्या दुपारी मालकाचे डोके माझ्या दाराला आपटले, त्या दुपारी मालकीण गेल्याचे सगळ्यांना कळले.

मित्रांनो, हे नीट समजावून सांगायला हवे. माझे दार ठेंगणे आहे. रस्त्यावरून पायऱ्या उतरायच्या, मान वाकवायची आणि मगच आत यायचे. नवा माणूस हमखास आपटतो. वरची चौकट कठीण लाकडाची असल्यामुळे आवाजही चांगला दणदणीत होतो. असा आवाज झाला की आत बसलेले सगळे आपापला पेला उचलून म्हणायचे, "दाराने सलाम घेतला!" मग हशा पिकायचा. आपटलेला माणूसही कपाळ चोळत हसायचा आणि त्या दिवसापासून तो आमच्यातला व्हायचा. ही इथली रीत. मालक मात्र या दारातून रांगायच्या वयापासून ये-जा करत आला होता. मी त्याला 'तो' म्हणतो ते त्यामुळेच. झोपेतही तो वाकल्याशिवाय आत आला नसता.

त्या दुपारी लोहार आणि टपालवाला चुलाण्याजवळ बसले होते. मालकीण गावाबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात होती, मालक तिच्या उशाशी होता, म्हणून लोहारानेच किल्ली घेऊन मला उघडले होते. पायऱ्यांवर पाऊल वाजले. पाठोपाठ दाण्णकन आवाज झाला. सवयीने दोघांचे हात पेल्यांकडे गेले. पाहतात तर दारात मालक. त्याच्या हातात मालकिणीची कापडी पिशवी होती आणि पिशवीतून तिच्या चपलांच्या टाचा दिसत होत्या. कपाळावर रक्त आले होते, पण त्याचे त्याला भानच नव्हते.

दोघांचे पेले टेबलावरच राहिले.

"गड्या," लोहार उठत म्हणाला, "बस. आधी खाली बस तू."

"तिच्यासाठी पाणी तापवायचंय," मालक म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "नाही. आता नकोच ना."

भिंतींना कान असतात असे म्हणतात. मला आहेत. पण तोंड नाही. त्या दिवशी त्याची मला फार खंत वाटली.

आता माझा जन्म सांगतो. मालकाच्या खापरपणजोबाने मला बांधले. तो नदीवरचा नावाडी होता. त्या काळी इथे पूल नव्हता. पाणी चढले की गाड्या आणि माणसे काठावर अडकून पडत, भिजत, एकमेकांवर खेकसत बसत. नावाड्याच्या मनात आले, माणसे तशीही थांबणार, तर त्यांच्या डोक्यावर छप्पर का असू नये? त्याने नदीतले गोटे वाहून आणले. दोन गोट्यांच्या भिंती शेजारी शेजारी रचल्या आणि मधली पोकळी खडी आणि चुन्याने भरली. माझी भिंत इतकी जाड आहे की खिडकीच्या कोनाड्यात मोठा माणूस पाय वर घेऊन बसू शकतो. त्याची जुनी नाव फुटली, तेव्हा तिचा तळाचा लांब वासा त्याने माझी तुळई म्हणून चढवला. एक टोक पूर्वेच्या भिंतीत, एक टोक पश्चिमेच्या. त्या तुळईवर माझी माडी उभी आहे. नावेच्या खुंट्या अजून तिच्यात आहेत. गिऱ्हाईक त्यांना टोप्या आणि ओल्या छत्र्या अडकवतात.

खाली पिण्याची मोठी खोली, तिच्या पोटाशी स्वयंपाकघर, खाली तळघरात पिंपे आणि वर मुक्कामाच्या दोन खोल्या. चुलाण्याचे धुराडे माडीच्या मधून वर जाते, म्हणून वरच्या खोल्या थंडीतही उबदार राहतात. पैसा ओतून असे घर होत नाही. कंजुषीने होते. एकाच लाकडात खाली रस्सा शिजायचा आणि वर पाहुणा झोपायचा.

आता दाराचे. लोहार सगळ्यांना सांगतो की बांधणारा नावाडीच बुटका होता. "अहो, तो स्टुलावर उभा राहून नाव वल्हवायचा," असे तो नव्या माणसाला शपथेवर सांगतो. हे साफ खोटे. मी बांधला गेलो तेव्हा माझे दार चारचौघांसारखेच होते आणि उंबरा रस्त्याच्या वर होता. पण रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी पडली, खडीवर मुरूम पडला, मुरमावर डांबर आले. रस्ता वर वर गेला आणि मी जागच्या जागी राहिलो. शेवटी दारासमोर खड्डा करून पायऱ्या कराव्या लागल्या. दारात पाणी शिरू नये म्हणून उंबरा वाढवला, तेव्हा दार आणखी आखूड झाले. मित्रांनो, मी ठेंगणा झालो नाही. रस्ता उंच झाला.

आणि रस्ता उंच झाला म्हणून रस्त्याचे पाणी माझ्या पश्चिमेच्या भिंतीकडे येऊ लागले. हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे.

पाणी आले तरी माझे काही बिघडत नव्हते. चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडले की सोडून देते. पावसाच्या दिवसांत ती गार आणि काळसर व्हायची, कोरडे दिवस आले की पांढरी व्हायची. फक्त वरचे पोपडे सुटायचे. म्हणून दर वर्षी तिला नव्याने चुना लावावा लागायचा. मालकाची आई तो लावायची, नंतर मालकीण लावू लागली.

मालकीण या घरात आली ती वाजतगाजत नव्हे, आवाज करत आली. ती मालकापेक्षा उंच होती. लग्नाच्या दिवशी दारातच आपटली. सगळ्या खोलीने पेले उचलले आणि मग सगळेच गप्प झाले, कारण नव्या सुनेला हसायचे कसे? तेव्हा तीच म्हणाली, "काय हो, सलाम घेतला की थोबाडीत दिली?" अशी ती. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातून हाक द्यायला सुरुवात केली. पायऱ्यांवरच्या पावलांवरून माणूस नवा की जुना हे तिला कळायचे. नवा असला की रस्सा ढवळता ढवळता ओरडायची, "वाका हो!" त्यामुळे माझ्या दाराचे सलाम फार कमी झाले. लोहार कुरकुरायचा, "वहिनी, तुम्ही आमची मजाच घालवली."

"तुमची मजा, आणि पट्ट्या बांधायच्या मी," ती म्हणायची.

स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये एक छोटी झरोक्यासारखी खिडकी आहे. ताटल्या तिथून बाहेर येतात. आतून बघणाऱ्याला समोरच्याचा फक्त हात दिसतो. मालकीण सगळ्या गावाला हातांवरून ओळखायची. नखांत काळे असले तर लोहार. बोटाला शाई असली तर टपालवाला. "भाऊजी, आज हात थरथरतोय. आज पेला नाही, रस्सा घ्या आणि घरी जा," असे ती आतून सांगायची, आणि ऐन रंगात आलेला लोहार निमूटपणे रस्सा पिऊन घरी जायचा. मित्रांनो, गुत्ता म्हटले की तुमची आई नाक मुरडेल. तिचे चूक नाही. पण ज्या गुत्त्यात नको म्हणणारे कोणी असते, तो गुत्ता आणि नसते तो गुत्ता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नंतर नदीवर पूल झाला. तो इथे नाही, खाली वळणापलीकडे झाला, आणि मोठा रस्ता त्याच्याबरोबर निघून गेला. मुक्कामाच्या खोल्या रिकाम्या पडल्या. मधे एकदा शहरातून जुन्या इमारती बघणारे तिघे जण आले. त्यांनी फीत लावून माझी भिंत मोजली, तुळईचे फोटो काढले, "असं आता बघायला मिळत नाही" असे म्हणाले आणि तिघेही जाताना आपटले. त्या दिवशी मालकिणीने मुद्दाम हाक दिली नव्हती. "एवढं मोजलं, मग दाराची उंची नाही का मोजली?" ती म्हणाली. मालक त्यावर इतका हसला की त्याच्या हातातले पिंप घरंगळत चुलाण्यापर्यंत गेले. माझे कौतुक झाले ते तेवढेच.

मग मालकिणीचे खांदे दुखू लागले. आधी वयामुळे असेल, असे सगळे म्हणाले. नंतर दम लागू लागला. तरी चुना लावायच्या दिवसांत ती शिडीवर चढायचीच. एका वर्षी अर्ध्या शिडीवर ती तशीच उभी राहिली, ना वर ना खाली. मालकाने तिला उतरवून घेतले. तो तिला काही बोलला नाही. पण ती लेकीकडे शहरात तपासणीला गेली, तेव्हा त्याने रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर बोलावले आणि पश्चिमेची भिंत आतून-बाहेरून सिमेंटने गुळगुळीत करून टाकली. पुन्हा पोपडे नाहीत, पुन्हा शिडी नाही. तो स्वतः थापी घेऊन त्यांच्या बरोबरीने राबला. सिमेंट मारताना तो शीळ घालत होता. मी त्याला शीळ घालताना ऐकले ते शेवटचे.

मालकीण ठरल्यापेक्षा एक दिवस आधी परत आली. सिमेंट अजून ओले होते. ती खोलीत आली, इकडे तिकडे पाहिले आणि तुळईच्या टोकाखाली जाऊन भिंतीवर पंजा टेकवला. पंजा आत रुतला.

"अगं अगं, ओलं आहे!" मालक ओरडला.

"ते कळलं," ती म्हणाली. हात धुऊन आली आणि परत भिंतीकडे बघत उभी राहिली. "छान केलंत. माझ्यासाठी केलंत ना?"

"मग काय लोहारासाठी?"

ती हसली. पण जेवताना म्हणाली, "अहो, ही भिंत पाणी पिणारच. पिईल आणि मग सोडणार कुठून? तुम्ही तर दोन्हीकडून तोंड बांधलंत."

"तू तिची काळजी करू नकोस."

"तिची नाही करत. वरच्या तुळईची करते."

त्याचा चेहरा उतरला. तेव्हा तिने विषय पुढे ओढला नाही. "राहू दे एवढा पावसाळा," ती म्हणाली. "पुढच्या कोरड्या दिवसांत काढू. मी चुना भिजवून ठेवते. जितका मुरेल तितका बरा."

माझ्या मागच्या अंगणात चुन्याची टाकी आहे. मालकीण स्टूल टाकून तिच्या काठाशी बसली. मालक पाण्याच्या बादल्या आणून ओतत होता. चुन्याची कळी फसफसली, उकळली, वाफ आली. ती लांब काठीने ढवळत राहिली आणि दम लागला की काठी त्याच्या हातात देत राहिली. सगळे निवल्यावर तिने वर पाणी ठेवले, फळ्या झाकल्या आणि म्हणाली, "एकच करा. वरचं पाणी आटू देऊ नका. पाणी आटलं की चुना मेला."

पावसाआधीच तिला दवाखान्यात न्यावे लागले. पुढचे तुम्हांला माहीत आहे.

त्या पावसाळ्यात मी पाणी प्यालो ते सोडू शकलो नाही. ओल आतल्या आत वर चढत गेली आणि तुळईच्या टोकाशी पोचली. मला तुमच्यासारखे दुखत नाही. पण लाकूड भुसभुशीत होत असल्याचे कळते. पश्चिमेच्या भिंतीला पोट सुटले. माडीवरची खोली तिकडे कलली. वरचा एक पलंग आपोआप सरकत भिंतीला जाऊन टेकला, तेव्हा लोहाराने जाऊन गवंड्याला आणले.

गवंडी म्हातारा आहे. गावात चुन्याचे काम करणारा तो शेवटचा. त्याने काठीने तुळई ठोकत पूर्वेकडून सुरुवात केली. टण, टण, टण. पश्चिमेच्या टोकाशी आवाज आला तो ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. 

"हे सिमेंट कोणी मारलं?" त्याने विचारले.

"मी," मालक म्हणाला.

"मला का नाही विचारलंस, बाबा?"

"तुला विचारलं असतं तर तिला कळलं असतं. तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

गवंडी खाली बसला. त्याने काठीवर हनुवटी टेकवली. "बघ," तो म्हणाला, "अजून हातातून गेलं नाही. तुळईला टेकू द्यायचे. सिमेंट सगळं फोडून काढायचं, आतून आणि बाहेरून. भिंत पूर्ण कोरडे दिवस उघडी ठेवायची. तुळईचं सडकं टोक कापून तिथं नवं लाकूड जोडायचं. मग चुना. चुना आहे का मुरलेला?"

"आहे. तिने भिजवून ठेवलाय."

"मग झालं तर! उद्यापासून धर. मला वर चढवत नाही, पण खाली बसून सांगेन."

मालक भिंतीकडे पाहत होता. तुळईच्या टोकाखाली, सगळ्यांत जास्त पोट सुटले होते तिथे, मालकिणीच्या पंजाचा ठसा होता. पाच बोटे, अंगठा जरा बाहेर झुकलेला, तळव्याच्या रेषासुद्धा.

"तेवढा तुकडा वेगळा काढता येईल?" त्याने विचारले.

गवंड्याने उठून ठशाच्या कडेने बोट फिरवले. मग वर तुळईकडे पाहिले. "निघाला तर दगडासकट निघेल. सिमेंट सोडत नाही. आणि हा दगड काढला तर वरचं सगळं खाली येईल. फोडावाच लागेल." त्याने मान खाली घातली. "वहिनींनी स्वतःच सांगितलं असतं, फोडा म्हणून."

"ती असती तर सांगितलं असतं," मालक म्हणाला.

टेकू लागले. ते लोहाराने आपल्या हाताने आणून लावले. हातोडा आणि धार लावलेली छिन्नीही त्यानेच दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक छिन्नी घेऊन भिंतीपाशी गेला. छिन्नी त्याने ठशाच्या कडेला टेकवली, मग करंगळीजवळ, मग जरा दूर. आणि तिथून परत फिरला. मागच्या अंगणात गेला, फळी उचलली, चुन्यावरचे पाणी पाहिले, अर्धी बादली ओतली आणि फळी पुन्हा ठेवली.

त्यानंतर रोज हेच. लोहाराने एकदा विचारले, "मी मारू का पहिला घाव? तू बाहेर जा."

"नको."

"मग गवंड्याला..."

"नको म्हटलं ना."

लोहाराने तो विषय सोडला. तो अजून येतो, पण पूर्वेच्या कोपऱ्यात बसतो, तुळईपासून लांब. टपालवाला येईनासा झाला. टेकूंमधून वाट काढत बसायला कोण येणार? तरी अधूनमधून एखादा वाट चुकलेला प्रवासी येतो. पायऱ्यांवर पाऊल वाजते. मालक मान वर करतो, कान देतो, पण पावलांवरून माणूस ओळखणे त्याला येत नाही. दाण्णकन आवाज होतो आणि त्यानंतर तो म्हणतो, "वाका हो." मग त्याचा त्यालाच उशीर कळतो. माणूस कपाळ चोळत टेकूंकडे बघतो, एक पेला घेतो आणि निघून जातो. पेले उचलायला खोलीत कोणी नसते.

लेक आली होती. तिने सामान बांधायला काढले. "बाबा, चला माझ्याकडे. हे कधीही पडेल."

"हो, येतो ना. एवढी भिंत झाली की."

"भिंत होणार नाहीये, बाबा. तुम्ही तिला हात लावत नाही आहात."

तो उठून चुन्यावरचे पाणी बघायला मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळाने ती ठशापाशी गेली आणि आपला पंजा त्यात ठेवून पाहिला. तिची बोटे आईपेक्षा आखूड होती. ती तशीच उभी राहिली आणि मग तिनेही छिन्नीचे नाव काढले नाही. संध्याकाळच्या गाडीने ती एकटी परत गेली. जाताना दारात नीट वाकली.

कोरडे दिवस असेच चालले आहेत. रोज ऊन पडते आणि सिमेंटवरून परत जाते. आभाळ भरून येऊ लागले की गवंडी पायऱ्यांवर येऊन बसतो, आत येत नाही, फक्त भिंतीकडे बघतो आणि मालकाकडे बघतो. लोहाराचे टेकू चांगले आहेत. पण टेकू लाकडाला धरतात, भिंतीला नाही. हे मालकाला कळते. मला तर कळतेच.

मित्रांनो, मी तुमच्याकडे काय मागू? मला वाचवा असे मी म्हणत नाही. ते तुमच्या हातात नाही आणि आता बहुधा कोणाच्याच नाही. एवढेच सांगतो. जुन्या वस्तूवर किंवा म्हाताऱ्या माणसावर माया करायची असेल, तर ती कशी जगते हे आधी तिला विचारा. न विचारता केलेली मायासुद्धा तोंड बांधते. आणि जे मोडायचे आहे ते, मोडायला लावणारा माणूस जवळ असेपर्यंतच मोडा. नंतर हात उचलत नाही.

टाकीतला चुना मुरून लोण्यासारखा झाला आहे. त्यावर पाणी आहे. पश्चिमेची भिंत फोडायची राहिली आहे.